वाचकांचे प्रश्न : मलबार टेकडी श्रीमंतांची केव्हा झाली?

मुंबईच्या मलबार हिलविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. विषय एकच असल्यामुळे उत्तरे सलग वाचली, तर अधिक उपयोगी पडतील.

प्रश्न : मलबार हिल म्हटले की राज्यपाल, मंत्री आणि हिरे व्यापारी आठवतात. ही टेकडी पहिल्यापासून धनिकांचीच होती का? नसेल, तर आधी तेथे काय होते आणि श्रीमंत मंडळी कशामुळे वर राहायला गेली? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

उत्तर : पहिल्यापासून मुळीच नव्हती. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली १६६८ मध्ये. त्यानंतरही सुमारे दीडशे वर्षे ऐपतीच्या माणसाला या टेकडीवर घर बांधावेसे वाटले नाही. एका बाजूला चौपाटीचे वळण आणि दुसऱ्या बाजूला खुला अरबी समुद्र, यांच्यामध्ये शिरलेला हा काळ्या कातळाचा उंचवटा गावापासून दूर आणि झाडीने भरलेला होता. केरळच्या मलबार किनाऱ्यावरून येणारे समुद्री चाचे येथून टेहळणी करीत, त्यावरून टेकडीला हे नाव पडले असे सांगितले जाते. टोकाला वाळकेश्वरचे तीर्थ होते. उत्तरेकडच्या अंगाला पारशी समाजाने १६७० च्या दशकात, मोदी हिरजी वाच्छा यांच्या पुढाकाराने, आपला मुंबईतील पहिला दखमा, म्हणजे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याचा बुरूज, बांधला. तीर्थ असो वा दखमा, दोन्हींना गावाबाहेरची, निवांत आणि उंचावरची जागा हवी होती. उरलेल्या टेकडीवर रान होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या रानात वाघ दिसल्याच्या नोंदी आहेत.

मग पैसेवाले राहत कोठे? प्रथम कोटाच्या आत. तटबंदीत गोऱ्यांचा भाग आणि व्यापाऱ्यांचा भाग वेगवेगळे असले, तरी गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांना खेटून होती. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटात मोठी आग लागली आणि व्यापाऱ्यांच्या वस्तीचा बराच भाग जळाला. त्यानंतर तटाबाहेर नवे शहर झपाट्याने वाढले आणि ज्यांना परवडत होते त्यांनी माझगाव, भायखळा आणि परळ येथे बागांसह बंगले बांधले. आजच्या मुंबईकराला हे खरे वाटणार नाही, पण त्या काळी शहरातील प्रतिष्ठेची वस्ती म्हणजे भायखळा आणि परळ. खुद्द गव्हर्नरचे निवासस्थानही परळलाच होते.

टेकडीवरचे पहिले महत्त्वाचे घर गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळातले, म्हणजे १८१९ ते १८२७ या दरम्यानचे. त्यांनी टेकडीच्या अगदी टोकाला, मलबार पॉइंटवर, एक बंगला बांधला. ते घर विसाव्यासाठी होते; राज्यकारभार परळहूनच चाले. परंतु गव्हर्नर जेथे हवा खायला जातो तेथे अधिकारी आणि व्यापारी आपोआप जातात. पुढच्या तीन-चार दशकांत टेकडीच्या कण्यावरच्या, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या, रस्त्याच्या कडेने बैठे, रुंद व्हरांड्यांचे बंगले उभे राहिले आणि त्यांत मुख्यतः युरोपीय कुटुंबे राहू लागली.

खरा बदल मात्र कापसाने आणि गिरण्यांनी घडवला. १८५६ मध्ये कावसजी दावर यांची गिरणी सुरू झाली, तीही याच टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या ताडदेवला. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होताच, १८६१ ते १८६५ या काळात, मुंबईच्या कापसाला कल्पनेपलीकडचा भाव मिळाला. शहरात इतका पैसा आला की समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे समभाग लोकांनी डोळे मिटून घेतले, आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये अनेक पेढ्या बसल्या. तो फुगा फुटला तरी गिरण्या टिकल्या आणि वाढत गेल्या. वीस-तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या बागांच्या भागात धुराडी, रेल्वेचे रूळ आणि कामगारांच्या चाळी आल्या. समुद्रावरून येणारा वारा आधी मलबार आणि कंबाला टेकडीवर येतो आणि मग शहरावरून पूर्वेकडे जातो. म्हणजे गिरण्यांचा धूर टेकडीकडे फारसा येत नाही. ही साधी गोष्ट धनिकांच्या लक्षात आली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे उदाहरण बोलके आहे. पेटिट घराण्याची गिरणी ताडदेवला आणि त्यांचा प्रसिद्ध ‘पेटिट हॉल’ मलबार हिलच्या उतारावर. ज्या धुरापासून ही मंडळी दूर गेली तो त्यांच्याच भांडवलाने निर्माण झालेला होता, आणि ज्यांना दूर जाणे शक्य नव्हते ते कामगार त्याच धुरात राहिले. मलबार हिलच्या इतिहासातील ही गोष्ट सौम्य शब्दांत सांगू नये असे मला वाटते.

परळची हवा शेवटी गव्हर्नरलाही मानवली नाही. १८८० च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला आणि १८८५ मध्ये लॉर्ड रे यांच्या कारकिर्दीत गव्हर्नरचे निवासस्थान कायमचे मलबार पॉइंटला आले. परळच्या त्या जुन्या प्रासादात पुढे, १८९९ मध्ये, डॉ. हाफकिन यांची प्लेगवरील प्रयोगशाळा सुरू झाली. सत्तेचे केंद्र शेजारी आल्यावर टेकडीची प्रतिष्ठा पक्की झाली.

उरलेले काम प्लेगने केले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात साथ उघडकीस आली आणि दाट वस्त्यांतून लाखो लोक गावोगाव पळाले. मांडवी, काळबादेवी, भुलेश्वर येथे पेढीच्याच मजल्यावर राहणाऱ्या व्यापारी घराण्यांनी त्यानंतर मोकळ्या जागेचा ध्यास घेतला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, गावदेवीच्या बाजूने ह्यूज रोड काढला. पूर्वी आडवळणाची असलेली टेकडी त्यामुळे व्यापारी पेठांच्या आणखी जवळ आली. युरोपीय अधिकाऱ्यांच्या शेजारी पारशी, भाटिया, खोजा आणि गुजराती जैन शेठ आले, संस्थानिकांनी बंगले घेतले. बडोद्याच्या गायकवाडांचा ‘जयमहाल’ नेपियन सी रोडवर होता. एकोणिसाव्या शतकातील मराठी व्यापारी नारायण वासुदेव दाभोळकर यांचे नावही टेकडीवरच्या एका रस्त्याला आहे, हे मराठी वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

थोडक्यात, कोटातील आग, गिरण्यांचा धूर, पटकी आणि प्लेग यांनी एकेका पिढीला वर ढकलले. निसर्गसौंदर्य होतेच, पण ते तर आधीची दीडशे वर्षेही होते.

प्रश्न : आमच्याकडे कवळे मठाचे अनुयायी वाळकेश्वरला जाऊन येतात. मुंबईच्या सर्वांत महागड्या भागात हे तीर्थ कसे राहिले? ते त्या वस्तीच्या आधीचे आहे का आणि गोव्याशी त्याचा संबंध कसा आला? (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : वाळकेश्वर हे टेकडीवरील सर्वांत जुने वसतिस्थान आहे आणि मलबार हिलचा कोणताही इतिहास खरे तर तेथून सुरू व्हायला हवा.

परंपरा अशी की सीतेच्या शोधात निघालेल्या रामाने येथे मुक्काम केला, पूजेसाठी वाळूचे लिंग केले, आणि तहान लागल्यावर बाण मारून पाताळातील गंगा वर काढली. इतिहासाच्या अंगाने पाहता, हे तीर्थ शिलाहारांच्या काळातील मानले जाते; बाणगंगेचे कुंड ११२७ मध्ये शिलाहारांच्या पदरी असलेल्या लक्ष्मण प्रभू यांनी बांधले असे सांगतात. मूळ देऊळ आजच्या ठिकाणी नव्हते. ते टेकडीच्या टोकाला, पुढे जेथे राजभवन झाले त्या बाजूला होते आणि पोर्तुगीज अमलात ते नष्ट झाले. त्याच टोकाला ‘श्रीगुंडी’ नावाची कातळातील एक चीर होती. तिच्यातून पार झाले की पाप धुऊन जाते अशी श्रद्धा असल्यामुळे दुरून लोक येत. शिवाजी महाराज, कान्होजी आंग्रे आणि रघुनाथराव पेशवे तेथे येऊन गेल्याच्या कथा जुन्या लेखनात आढळतात. कथा म्हणूनच त्या घ्याव्यात, पण श्रीगुंडीचा लौकिक मराठी मुलखात किती दूरवर पसरला होता हे त्यांवरून कळते.

गोव्याशी आणि सारस्वत समाजाशी असलेला दुवा येथून पुढे स्पष्ट होतो. पोर्तुगिजांच्या धर्मांतराच्या धोरणामुळे गोव्यातून बाहेर पडलेल्या आणि व्यापारात पुढे आलेल्या या समाजातील रामा कामती हे अठराव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील फार वजनदार गृहस्थ होते. त्यांनी १७१५ मध्ये बाणगंगेच्या काठी वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले. त्यांचा शेवट मात्र अतिशय दुःखद झाला. कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून कंपनी सरकारने १७२० मध्ये त्यांच्यावर खटला चालवला, मालमत्ता जप्त केली, आणि १७२८ मध्ये ते कैदेतच वारले. ज्या पत्रांच्या आधारे त्यांना दोषी ठरवले ती बनावट असल्याचे पुढे उघड झाले. मुंबईच्या एका आद्य दात्यावर झालेला हा अन्याय शाळेच्या पुस्तकात नाही, तो असायला हवा.

कुंडाभोवती कवळे मठ आणि काशी मठ या दोन्ही सारस्वत परंपरांची स्थाने आणि स्वामींच्या समाधी आहेत. दशनामी गोसाव्यांच्या समाधीही आहेत. कुंडाची देखभाल आजही गौड सारस्वत ब्राह्मण समाजाच्या मंदिर न्यासाकडे आहे. त्यामुळे आपल्याकडची मंडळी तेथे जातात तेव्हा ती स्वतःच्याच जुन्या तीर्थाला जातात.

हे तीर्थ टिकले ते त्याची मालकी धार्मिक न्यासांकडे, मठांकडे आणि आखाड्यांकडे असल्यामुळे, आणि त्याचा वापर कधीच थांबला नाही म्हणून. कुंड आयताकृती आहे. चारही बाजूंनी दगडी पायऱ्या पाण्यापर्यंत उतरतात, तोंडाशी दीपमाळा आहेत, आणि समुद्र अगदी हाकेच्या अंतरावर असूनही झऱ्याचे पाणी गोडे आहे. काठाच्या घरांच्या भिंती जवळजवळ पायऱ्यांना टेकलेल्या आहेत. सर्वपित्री अमावास्येला या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पिंडदानासाठी गुरुजींभोवती कुटुंबे बसलेली असतात, कडेला न्हावी मुंडन करीत असतात, आणि त्यांतील बहुतेक लोक टेकडीवरचे नसतात. गिरगाव, लालबाग, ठाणे, विरार येथून आलेले हे लोक तेवढ्या दिवसापुरते टेकडीचे जुने हक्कदार असतात असे म्हणायला हरकत नाही. कार्तिकी पौर्णिमेला दिवे लागतात तेव्हाही असेच असते.

एक चिंतेची गोष्टही सांगितली पाहिजे. २०२४ मध्ये कुंडातील गाळ काढण्यासाठी यंत्र थेट पायऱ्यांवरून आत उतरवले गेले आणि जुने दगड निखळले. पोलिसांत तक्रार झाली, पायऱ्या पुन्हा बसवण्यात आल्या. नऊशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या वास्तूची डागडुजी हातांनीच व्हायला हवी, एवढी जाणीव ज्यांना नाही त्यांच्याकडे असे काम देऊ नये.

प्रश्न : जिना यांचा बंगला मलबार हिललाच होता ना? गांधीजींशी त्यांची बोलणी तेथेच झाली का? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. बॅरिस्टर जिना यांनी माउंट प्लेझंट रोडवर, म्हणजे आजच्या भाऊसाहेब हिरे मार्गावर, सुमारे अडीच एकर जागेत १९३६ मध्ये हे घर बांधून घेतले. त्याचे नाव ‘साउथ कोर्ट’. वास्तुविशारद क्लॉड बॅटली हे जे. जे. कला महाविद्यालयाच्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. १९४४ च्या सप्टेंबरात, ९ ते २७ या तारखांच्या दरम्यान, गांधीजी आणि जिना यांची बोलणी याच घरात झाली. गांधीजी त्या वेळी त्याच रस्त्यावरील बिर्ला हाऊसमध्ये उतरले होते. देशाच्या भवितव्यावरची बोलणी अशी एकाच गल्लीतील दोन बंगल्यांमध्ये फिरत राहिली आणि निष्फळ झाली. १५ ऑगस्ट १९४६ रोजी नेहरूही जिनांना येथेच भेटले.

फाळणीनंतर घर भारत सरकारच्या ताब्यात राहिले. बरीच वर्षे ब्रिटिश उपउच्चायुक्तालय तेथे होते. जिनांच्या कन्या दीना वाडिया यांनी हक्कासाठी २००७ मध्ये न्यायालयात दावा केला. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. आता ते घर परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि सामान्य लोकांसाठी खुले नाही. अशा घराचे संग्रहालय व्हावे की नाही यावर मते टोकाची आहेत. माझे मत असे की वास्तू नीट जपावी आणि अभ्यासकांना तरी आत जाऊ द्यावे.

प्रश्न : आपल्या राज्याचे मंत्री नेमके मलबार हिललाच का राहतात? ही प्रथा केव्हापासूनची? (एक निवृत्त शिक्षक, नांदेड)

उत्तर : प्रथा वारशाने आलेली आहे. गव्हर्नर १८८५ मध्ये मलबार पॉइंटला स्थायिक झाल्यावर वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी आसपास सरकारी बंगले राखले गेले. स्वातंत्र्यानंतर ते राज्य सरकारकडे आले आणि त्यांची जुनी इंग्रजी नावे हळूहळू बदलली. रामटेक, देवगिरी, नंदनवन ही नावे आपण वृत्तपत्रांत वाचतो ती याच बंगल्यांची. ‘रॉयलस्टोन’सारखे एखादे जुने नाव अजून टिकून आहे. ‘वर्षा’ हे मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान झाले ते वसंतराव नाईक यांच्यापासून. ते १९६३ च्या डिसेंबरात मुख्यमंत्री झाले आणि त्याच बंगल्यात राहिले. जवळच ‘सह्याद्री’ अतिथिगृह आहे. कण्यावरच्या मुख्य रस्त्याला, जुन्या रिज रोडला, बाळासाहेब खेर यांचे नाव आहे, जे १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले होते. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला त्या वेळी तसेच म्हणत.

टेकडीचा आणि मराठी राज्याचा सर्वांत मोठा संबंध मात्र एका रात्रीचा आहे. १९६० च्या ३० एप्रिलची मध्यरात्र उलटून १ मे उजाडताना राजभवनात पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचे उद्घाटन झाले. गिरणगावातील कामगारांनी आपले रक्त सांडून, हुतात्मे होऊन मिळवलेले राज्य टेकडीवरच्या गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानी घोषित झाले. आपण शिक्षक होता, म्हणून सुचवतो : मुलांना महाराष्ट्र दिनाचा इतिहास सांगताना हुतात्मा चौक आणि मलबार पॉइंट ही दोन्ही ठिकाणे नकाशावर दाखवावीत.

प्रश्न : वर्णन वाचून तेथे जुने बंगले असतील असे वाटते, प्रत्यक्षात गेल्यावर उंच इमारतीच दिसतात. बंगले गेले कोठे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बहुतेक पाडले गेले. त्याची सुरुवात वाटते त्यापेक्षा आधीची आहे. १९३० च्या दशकातच मोठ्या आवारांचे तुकडे करून त्यांवर भाड्याच्या सदनिकांच्या तीन-चार मजली इमारती उठू लागल्या होत्या. मग १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. घरमालकाला दुरुस्तीचा खर्चही निघेना, पागडीची (भाडेकरूकडून सुरुवातीलाच ठोक रक्कम घेण्याची) पद्धत रुजली, आणि नवी इमारत बांधून भाड्याने देण्यात कोणाला रस उरला नाही. त्याऐवजी सदनिका मालकी हक्काने विकण्याचा मार्ग पुढे आला. १९६३ मध्ये महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. याच सुमारास संस्थानिकांचे तनखे आणि जुन्या गिरणीमालकांची मिळकत आटत चालली होती. एका बंगल्याच्या जागी वीस मजली इमारत बांधून प्रत्येक मजला विकता येतो म्हटल्यावर बंगला टिकणे अवघडच होते. पेटिट हॉलच्या जागीही आता त्याच नावाच्या निवासी इमारती आहेत.

या सदनिकांतून टेकडीचा समाजही बदलला. गुजरातमधील पालनपूरकडचे जैन हिरे व्यापारी ऑपेरा हाऊसच्या बाजारात व्यवसाय करीत, आणि तेथून वाळकेश्वर चालत जाण्याइतके जवळ. रिज रोडवरचे बाबू अमीचंद पन्नालाल यांचे आदीश्वर मंदिर १९०४ पासून तेथे होतेच. त्यामुळे या समाजाला ही जागा घरासारखी वाटली. हिरे बाजार २०१० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात गेला, तरी घरे टेकडीवरच राहिली.

जे बंगले उरले त्यांचे भाव आता सामान्य माणसाच्या आकलनापलीकडे आहेत. डॉ. होमी भाभा यांचे ‘मेहरांगीर’ हे लिटल गिब्ज रोडवरील घर २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटी रुपयांना विकले गेले. अणुऊर्जा विभागातील कर्मचाऱ्यांनी ते राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून न्यायालयापर्यंत प्रयत्न केले. पण २०१६ मध्ये ते पाडण्यात आले. भारताच्या अणुकार्यक्रमाच्या जनकाचे घर वाचवायला सरकारजवळ पैसा नव्हता असे कोणी म्हणू नये. इच्छा नव्हती. वास्तूचे मोल माहीत असणे आणि वास्तू प्रत्यक्ष वाचणे यांत किती अंतर आहे, हे या एका घरावरून कळते.

प्रश्न : हँगिंग गार्डनच्या खाली पाण्याची टाकी आहे असे ऐकले. ते खरे का? मुलांना घेऊन येणार आहोत. एका दिवसात काय पाहावे? (एक वाचक भगिनी, सातारा)

उत्तर : खरे आहे. ज्या हिरवळीवर आपण चालतो ती जलाशयाच्या छतावर आहे. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आणि तुळशीचे १८७९ मध्ये मिळू लागले. उंचावर साठवलेले पाणी कोणत्याही पंपाशिवाय खालच्या वस्त्यांना देता येते म्हणून १८८० च्या दशकात टेकडीवर हा जलाशय बांधला गेला आणि त्यावर बाग केली गेली. जवळच्या दखम्यांवर येणाऱ्या गिधाडांपासून पाणी सुरक्षित राहावे म्हणून ते झाकले, असे लोक सांगतात. बागेला सर फिरोजशहा मेहता यांचे नाव आहे. जलाशयाची क्षमता सुमारे १४ कोटी ७० लाख लिटर असून गिरगाव, ग्रँट रोड, कोट आणि कुलाब्यापर्यंतच्या भागांना त्याचे पाणी जाते. म्हणजे टेकडीच्या पोटातली ही वास्तू तरी केवळ टेकडीवाल्यांची नाही. अलीकडे महापालिकेने ती पाडून नवी बांधण्याचा घाट घातला होता, त्यात शेकडो झाडे जाणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांनी पाहणी केली, आणि पाडण्याऐवजी दुरुस्तीचा निर्णय झाला. सधन वस्तीचा आवाज लवकर ऐकला जातो हे खरेच, परंतु या वेळी आवाज योग्य बाजूने उठला होता.

सकाळी लवकर चौपाटीहून निघालात, तर सिरी रोडच्या जुन्या पायवाटेने चढता येते. वाळकेश्वरचे यात्रेकरू पूर्वी याच वाटेने वर जात. वर आल्यावर आधी कमला नेहरू उद्यान आणि म्हातारीचा बूट दाखवा, म्हणजे मुले पुढचे ऐकून घेतील. तेथून चौपाटीचे अर्धवर्तुळ दिसते. ते दिसत राहावे म्हणून उताराकडच्या इमारतींच्या उंचीवर नियमावलीने मर्यादा घातली होती. समोर फिरोजशहा मेहता उद्यान आहे, आणि २०२५ पासून झाडीतून जाणारा उंचावरचा लाकडी मार्गही खुला झाला आहे. त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पावसाळ्यात येणार असाल, तर कडेच्या रस्त्यांची चौकशी करून निघा. ऑगस्ट २०२० मध्ये अतिवृष्टीने खेर मार्गालगतचा उतार खचला होता आणि रस्ता बराच काळ बंद होता. दुपारी वाळकेश्वरला उतरा आणि बाणगंगेसाठी किमान तासभर ठेवा. पायऱ्या निसरड्या असतात, मुलांचा हात सोडू नका. डुंगरवाडीत, म्हणजे दखम्यांच्या आवारात, पारशी समाजाबाहेरच्या लोकांना पर्यटनासाठी प्रवेश नाही. तिच्या सुमारे ५५ एकरांच्या झाडीला बाहेरूनच पाहून पुढे जावे.